निळा धूर : मामांच्या गाडीच्या नोंदी

गाडी : पेट्रोल, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी). नोंदणी एप्रिल २००५. मीटरवर ९४ हजारांच्या पुढे.
मालक : मामा, मुक्काम अक्कलकोट.
कामाची जागा : आमच्या घरामागची पत्र्याची शेड, होटगी रोड, सोलापूर.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मामा गाडी सोडून एसटीने परत गेले. किल्ली देताना म्हणाले, "पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिती बघ ही. आणि मागं बघवत नाही." एप्रिलमध्ये नोंदणीचं नूतनीकरण आहे. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२० मध्ये एकदा झालं, आता पाच वर्षांनी पुन्हा आलं. आरटीओच्या तपासणीला गाडी उभी करायची आणि तिनं तिथंच निळा ढग सोडायचा, या विचारानं त्यांची झोप उडालीय.

तिकडं एका गॅरेजवाल्यानं धूर बघितला आणि "हाफ इंजिन करावं लागेल, पस्तीस हजार" असं सांगून टाकलं, म्हणजे इंजिन खोलून रिंगा वगैरे बदलायच्या. बॉनेट उघडलं का, विचारलं, तर नाही म्हणे. पस्तीस हजार घालून गाडी विकायला काढली तरी तेवढे येणार नाहीत. पण मामांना विकायची नाहीय, त्यामुळे हा हिशेब त्यांच्यापुढं मांडण्यात अर्थ नाही.

धुराच्या रंगावरून सुरुवात करायला माझी हरकत नाही. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि बराच वेळ टिकणारा असेल तर रेडिएटरचं पाणी म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये येतंय. पण निळ्या रंगावरून ऑइल जळतंय एवढंच कळतं, ते कुठून येतंय हे कळत नाही. पिस्टनवरच्या रिंगांच्या बाजूनं खालून येतंय, व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या गाइडमधून वरून येतंय, की ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या नळीतून येतंय? पहिल्यात इंजिन खोलायचं, दुसऱ्यात फक्त टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण), तिसऱ्यात नळी साफ करायची. खर्च पस्तीस हजारांपासून पन्नास रुपयांपर्यंत काहीही. फरक कळतो तो धूर कधी येतो यावरून. म्हणून हा आठवडा पान्याला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

१३ जानेवारी, सोमवार

पहाटे साडेसहा. अंगावर स्वेटर. गाडी रात्रभर शेडमध्ये गार पडलेली. सायलेन्सरच्या तोंडामागं हातभर अंतरावर पांढरा टॉवेल धरायला दादाला उभं केलं (कारखान्यातला सेकंडचा टेरी टॉवेल, घरात ढीग आहे) आणि मी सेल्फ मारला.

पहिल्याच क्षणी भसकन निळसर लोट. शेडच्या पत्र्याखाली तरंगत राहिला, लवकर विरला नाही. त्यामागून पांढरी वाफ, ती मात्र दोन-तीन फुटांवर नाहीशी होत होती. थंडीत प्रत्येक गाडीतून निघते ती हीच, सायलेन्सरमधलं पाणी. साधारण मिनिटभरात निळा धूर थांबला. टॉवेलवर बारीक तपकिरी ठिपके. बोटानं चोळले तर तेलकट, वास जळक्या ऑइलचा. पेट्रोलचा वास नाही.

रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्याच सेल्फला लोट आणि मग बंद, ही पहिली खूण. वरच्या बाजूला, रॉकरपाशी (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांपाशी) साचलेलं ऑइल रात्रभर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ओघळून खाली उतरतं आणि सकाळी एकदम जळतं. रिंगा गेल्या असत्या तर धूर दिवसभर पाठ सोडत नाही.

पण एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गड्ड्यामुळं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेमुळं, आज शहरात गाडी काढायची नाही हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण मामींचे तिळगूळ-वाणाचे डबे नव्या पेठेत पोचवायचे होते. यात्रेची गर्दी, नंदीध्वजांसाठी वळवलेले रस्ते, आणि आम्ही एका गल्लीत अडकलो. गाडी स्लोवर, म्हणजे एक्सलेटर न दाबता, तशीच चालू ठेवली, मुद्दामच. बराच वेळ आरशात काहीच नाही. पुढचा रिक्षावाला हलला, मी एक्सलेटर दाबला आणि मागच्या स्कूटरवाल्या काकूंनी पदर नाकाला लावला. दोन सेकंदांचा ढग, मग पुन्हा साफ.

काकूंची मनातल्या मनात माफी मागितली, पण खूण भक्कम मिळाली. स्लोवर असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिन हवा ओढायला बघतं आणि इनटेकमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो. गाइडवरचं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी टोपी, कडक झालेलं असेल तर तो व्हॅक्यूम दांड्याच्या कडेनं ऑइल खाली ओढत राहतो. ते व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि पोर्टमध्ये साचतं, आणि रेस दिली की सगळं एकदम जळतं.

१९ जानेवारी, रविवार

तुळजापूरचा घाट. दर्शन होतं आणि इंजिनाची परीक्षाही. दादा मोटरसायकलवर मागं, खिशाला मोबाइल अडकवून व्हिडिओ चालू. तामलवाडी मागं टाकून घाट लागला. चढावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण दाबून घेतली, मग दुसऱ्यात. पिकअप जेमतेम, पण ७९६ सीसीकडून आणखी काय हवं? व्हिडिओत चढाचा सगळा भाग बघितला : धूर जवळजवळ नाही. रिंगा गेलेली गाडी नेमकी इथं, भार पडला की, धूर मारते. जळणाचा दाब खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि ऑइल वर येतं.

परतीला उतारावर दुसऱ्या गियरमध्ये, एक्सलेटरवरून पाय पूर्ण काढून गाडी इंजिनावरच रोखत आणली. उतार संपला तिथं पाय दिला. दादा नंतर म्हणाला, "मला रस्ताच दिसंना." व्हिडिओत निळा पडदाच.

उतारावरचा हा लोट व्हॉल्व्ह सीलचा पुरावा म्हणून सांगितला जातो आणि बहुतेक वेळा असतोही. पण थ्रॉटल बंद असताना तोच व्हॅक्यूम पिस्टनच्या वरही असतो, आणि ऑइल रिंग अडकलेली असेल तर खालूनही ऑइल वर ओढलं जातं. त्यामुळे घाटानं संशयाचं बोट सीलकडं वळवलंय, रिंगांना अजून निर्दोष सोडलेलं नाही. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मामांची वही आली. मास्तर होते ते, पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर सगळं लिहिलेलं. ऑइलच्या नोंदी लाल शाईत. गेल्या दिवाळीपासूनचं गणित मांडलं तर साधारण हजार किलोमीटरला एक लिटर. एवढी लहान गाडी, हे फारच झालं.

मग ऑइलची पट्टी काढून बघितली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर, बोटभर. संपतंय म्हणून धास्तीनं मामा दर रविवारी घालत होते. जास्त भरलेलं ऑइल क्रँकला लागून फेसाळतं आणि ब्रीदरमधून थेट इनटेकमध्ये जातं, म्हणजे धुराला आणखी खाऊ. नट सैल करून जास्तीचं काढलं, वरच्या खुणेच्या किंचित खाली आणलं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरच्या नळीवरचा) काढून हलवला, टकटक आवाज यायला हवा तो नाही. आत काळा चिकट थर. रॉकेल मिळत नाही आता, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला, तासाभरानं वाजायला लागला. नळी मात्र कडक होऊन एका बाजूनं चिरलेली, ती बदलली. ही दोन्ही कामं कोणत्याही निळ्या धुराच्या गाडीत सगळ्यात आधी करावीत, फुकटात होतात. लोक थेट इंजिन खोलायच्या गप्पा मारतात.

सकाळचा लोट किंचित कमी झाला. गेला नाही.

२२ जानेवारी, बुधवार

पीयूसी. मामांची संपलीय, आणि मला आकडे हवे होते. गाडी पंधरा किलोमीटर फिरवून गरम करून नेली. निकाल : सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३८ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन-ऑइल) ४१० पीपीएम. भारत स्टेज (प्रदूषणाचं सरकारी मानक) दोन-तीनच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा सीओ ०.५ आणि एचसी ७५०. म्हणजे पास! घाटात मागच्या माणसाला रस्ता दिसू न देणारी गाडी पास.

यात केंद्रवाल्याची काही चूक नाही. पेट्रोल गाडीची पीयूसी स्लोवर, गरम इंजिनावर घेतात आणि मोजतात फक्त वायू. धुराची गडदता मोजायची पद्धत डिझेल गाड्यांसाठी आहे. आमचा धूर येतो गार इंजिनावर आणि रेस देताना, तेव्हा नळी सायलेन्सरमध्ये नसतेच. फक्त एचसीचा आकडा मर्यादेत असूनही अशा गाडीला जास्तच आहे. तो लिहून ठेवला, कामानंतर पुन्हा बघायचा.

देशात भारत स्टेज चार १ एप्रिल २०१० ला ज्या १३ शहरांत आधी लागू झालं त्यात सोलापूर होतं. दिल्ली-मुंबईच्या पंगतीत बसलेलं आमचं गाव, आणि त्यात मामांची गाडी. असो.

२६ जानेवारी, रविवार

कॉम्प्रेशन. गेज मेकॅनिक चौकातल्या चाचांकडून उसनं आणलं. परत देताना चहा पाजायच्या बोलीवर.

पद्धत : इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचं कनेक्शन सुटं, बॅटरी पूर्ण चार्ज. दादानं एक्सलेटर पूर्ण दाबून धरायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. एक्सलेटर न दाबता घेतलं तर हवा आतच येत नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं. त्या आकड्यांवर कुणाच्या तरी रिंगा बदलल्या गेल्या असतील, याची मला खात्री आहे.

कोरडं : १२.४, १२.०, १२.२ किलो (दर चौरस सेंटीमीटरला).
प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून : १२.९, १२.६, १२.७.

रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चांगलाच उडी मारतो. इथं अर्ध्या किलोचा फरक, तो कोणत्याही जुन्या गाडीत दिसतो. तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या जवळ, ते तर आणखी चांगलं. बोअर, पिस्टन, कॉम्प्रेशनच्या रिंगा शाबूत. ऑइल रिंगचा निकाल मात्र या आकड्यांवरून लागत नाही. तरी पस्तीस हजारांचा विषय इथं बहुतेक मिटला.

प्लग बघण्यासारखे. पहिला आणि तिसरा कोरडे, राखाडी-तपकिरी. दुसऱ्याच्या इलेक्ट्रोडवर काळा ओला थर, एका बाजूलाच जास्त, इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूला. फोटो काढून ठेवला.

२७ जानेवारी, सोमवार

गेज परत दिलं, चहा झाला. चाचांना आकडे सांगितले, प्लगचा फोटो दाखवला. त्यांनी आकडे नीट ऐकलेही नाहीत, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "रिंगा नै गये बेटा. सीलां सुक्के. हेड को हात नक्को लगा." मग शेजारच्या गाडीखालून पाय बाहेर आलेल्या पोराला ओरडले आणि परत माझ्याकडं वळून दोरीची पद्धत सांगितली. त्याबद्दल पुढं.

सील घेताना काय बघायचं तेही त्यांनीच सांगितलं. साधं काळं नायट्राइल रबर उष्णतेनं काही वर्षांत कडक होतं. विटॉनचं, बहुतेकदा तपकिरी किंवा हिरवट, जास्त टिकतं. पण रंगावर जाऊ नये, रंग काय कुणीही देतं. पाकीट बघावं, ओठ बोटानं दाबून बघावा, वरची बारीक गोल स्प्रिंग जागेवर बसलेली आहे का ते बघावं. सहा सीलचा सेट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, तीन प्लग, ऑइल आणि फिल्टर धरून अडीच हजारांच्या आत.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मामांच्या गाडीचं काम नाही, पाहुण्यांमुळं राहिलं. पण धुराचंच काम निघालं. शेजारच्यांची डिझेल पिकअप, यार्डात कांदा वाहते, भरली की काळा धूर ओकते आणि ओढत नाही. कुणीतरी पंप-नोझल करायला सांगितलंय, म्हणजे बरेच हजार. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानानं हवा कमी, म्हणून आधी हवेचा रस्ता बघितला. एअर फिल्टर बरा होता. टर्बोपासून इंटरकूलरकडं जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपेखाली चीर. हात फिरवला की तेलकट काजळी. इंजिन चालू ठेवून साबणाचं पाणी टाकलं आणि दादानं रेस दिली, तसा चिरेतून फसफसून फेस आला. टर्बोनं दाबलेली हवा सिलिंडरला पोचायच्या आत बाहेर, आणि डिझेल तर पडतंयच. नळी बदलली, संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. पंप-नोझल जसंच्या तसं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मुख्य काम. सकाळी आठला सुरुवात, इंजिन गार.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, एअर क्लीनरचा डबा बाजूला, टॅपेट कव्हर उघडलं. आत सगळीकडं तपकिरी वार्निश, पण काळा चिखल नाही. मामांनी ऑइल वेळेवर बदललेलं दिसतंय. रॉकर शाफ्टचे स्क्रू काढून दोन्ही शाफ्ट हळूहळू सरकवत बाहेर घेतले. रॉकर आणि मधल्या स्प्रिंगा निघाल्या तशाच क्रमानं पुठ्ठ्यावर, पेननं खुणा करून. प्रत्येक रॉकर आपल्या कॅमवर घासून बसलेला असतो, अदलाबदल झाली की टकटक सुरू.

हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) न काढता सील बदलायचं तर अडचण एकच. स्प्रिंग दाबून वरचे लॉक काढले की व्हॉल्व्ह मोकळा होतो आणि खाली सिलिंडरमध्ये पडतो. मग हेड काढण्यावाचून गत्यंतर नाही. त्याला खालून आधार हवा. एक मार्ग म्हणजे प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवायची. कारखान्यात आम्ही हवेवरच जगतो, तिथं मी तेच केलं असतं. पण इथं घरच्या छोट्या कॉम्प्रेसरच्या भरवशावर, त्यात रविवारी दुपारी लाईट कधी जाईल याचा नेम नाही. दुसरा मार्ग चाचांचा, दोरी.

सहा मिमीची नायलॉन दोरी. सुती नको, सुताचे तंतू आत राहतात. (सुताच्या गावात नायलॉन विकत आणावी लागली.) पिस्टन थोडा खाली घ्यायचा, प्लगच्या भोकातून हातभर दोरी आत सारायची, बाहेरच्या टोकाला गाठ. मग क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) लावून हातानं, फक्त हातानं, पिस्टन वर आणायचा. दोरी आत गोळा होते, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दाबली जाते आणि पाना मऊसर अडतो. रॉकर काढलेले असल्यानं सगळे व्हॉल्व्ह बंदच असतात, त्यामुळे टायमिंगची चिंता नाही. बेल्टला हात लावलेलाच नाही.

दुसऱ्या सिलिंडरपासून सुरुवात, कारण उत्सुकता तिथं होती. हेडवरची ऑइल उतरायची सगळी भोकं टॉवेलच्या तुकड्यांनी बुजवली. लॉक म्हणजे नखाएवढे दोन अर्धगोल तुकडे, एखादा त्या भोकातून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) गेला की तळ काढायची पाळी. स्प्रिंग दाबली, चुंबकाच्या काडीनं पहिला लॉक अलगद आला. दुसरा टिणकन उडाला. दादा आणि मी श्वास रोखून. टॉवेलच्या फुलोऱ्यात, धाग्याच्या फाशात अडकून बसला होता. गुळगुळीत फडकं असतं तर घरंगळलाच असता.

स्प्रिंग वर आली आणि सील दिसलं. पक्कडीनं धरून ओढलं तर कडक भाकरीसारखं तुटलं. रबर म्हणायलाच राहिलेलं. ओठाचा घेर दांड्यापेक्षा मोठा झालेला, आणि वरची गोल स्प्रिंग तर नव्हतीच. ती कुठं गेली याचा विचार करायचा नाही असं ठरवलं, मग पाच मिनिटांनी केलाच. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात चुंबक फिरवल्यावर सापडली.

सील काढल्यावर गाइडची झीज बघितली. दोरी जराशी सैल करून व्हॉल्व्ह थोडा खाली आणायचा आणि दांडा आडवा हलवायचा. इनटेकचा जवळजवळ हलत नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा किंचित हलतो. एक्झॉस्टच्या बाजूला व्हॅक्यूम नसतो, तिथून ऑइल ओढलं जाण्याचं प्रमाण कमी. गाइड बदलायचं तर हेड काढून लेथवर न्यावं लागेल. सोडून दिलं. नव्या सीलवर भागेल असा माझा अंदाज आहे, चाचांनाही फोनवर विचारलं, ते "चलने दे" म्हणाले.

नवं सील बसवताना दांड्याच्या टोकाच्या खाचेला घासून ओठ फाटतो, तिथंच बरेच जण घाईत नवं सील खराब करतात. खाचेवर पातळ प्लास्टिकची टोपी चढवली, वर ऑइलचा थेंब, सील सरकवलं, टोपी काढली, आणि मापाची लांब गोटी उलटी धरून लाकडी हातोडीनं हळू ठोकलं. गाइडवर पूर्ण बसलं की आवाज बदलतो, पोकळ टकटक जाऊन भरीव ठक येतो.

पहिल्या व्हॉल्व्हला बराच वेळ गेला. मग हात बसला. दुपारी लाईट गेलीच, आम्ही दोरीवर निवांत.

सहाही झाल्यावर दोरी बाहेर काढून शेंडीपासून गाठीपर्यंत तपासली, तुकडा आत राहिलेला नाही. भोकातले टॉवेलचे तुकडे मोजून काढले. रॉकर पुठ्ठ्यावरून परत, टॅपेटची फट फिलर गेजनं (जाडी मोजायच्या पात्यांनी) मॅन्युअलमधल्या मापावर, नवं पॅकिंग, नवे प्लग, नवं २०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर. हातानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवून बघितले, कुठं अडत नाही.

सेल्फ मारला. गाडी लगेच चालू. आणि मागं निळा धूर, पहिल्यापेक्षा जास्त.

दादाचं तोंड उतरलं. मामांना व्हिडिओ पाठवू नकोस म्हणाला. पण हे होणारच होतं. कॉम्प्रेशन मोजताना टाकलेलं ऑइल, पोर्टमधलं जुनं, आणि सायलेन्सरमध्ये, कॅटमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) वर्षानुवर्षं मुरलेलं सगळं ऑइल अजून तिथंच आहे. ते तापून जळून जाईपर्यंत धूर निघणार. या टप्प्यावर घाबरून हेड खोलायला लावणारे लोक आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

कामावरून आल्यावर अक्कलकोट रस्त्याला लांबपर्यंत एका वेगात चालवून आणली. जाताना आरशात निळसर झाक, येताना काहीच नाही. वळसंगपाशी टपरीवर थांबून सायलेन्सरच्या आत बोट फिरवलं. काजळी आता कोरडी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटेची परीक्षा. तोच टॉवेल नको म्हणून नवा. सेल्फ. वाफ आली, विरली. टॉवेल ओला, पण पांढरा. बराच वेळ स्लोवर ठेवून एकदम रेस दिली. दादानं अंगठा दाखवला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सुट्टी. पट्टी बघितली : साडेसहाशे किलोमीटरच्या पुढं चाललीय आणि पातळी वरच्या खुणेपासून किंचितच खाली. अंदाजे शंभर मिली. लाल शाईच्या हिशेबानं सहा-सातशे गेलं असतं. प्लग काढून बघितले, दुसऱ्याचाही रंग इतर दोघांसारखा.

पीयूसी केंद्रावर पुन्हा आकडे घेतले : सीओ ०.२९, एचसी १६०. कॅटची थोडी काळजी वाटत होती. ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त जळून कॅटच्या जाळीवर बसतं आणि हळूहळू तिला निकामी करतं. एचसी एवढा उतरलाय म्हणजे निदान पूर्ण मेलेली नाही. नवी कॅट म्हणजे गाडीच्या किमतीत घोळ.

९ मार्च, रविवार

मामा गाडी न्यायला आले. एकूण खर्च, ऑइल-प्लग धरून, २,४६० रुपये. मजुरी मामींच्या हातची शेंगाची पोळी, ती दादानं आधीच वसूल केली. मामांना दोन गोष्टी सांगितल्या : ऑइल पट्टी बघूनच घालायचं, रविवार बघून नाही. आणि पट्टी बघायची ती सकाळी, गार इंजिनावर, सपाट जागी. त्यांनी वहीत नवीन रकाना आखला, आमच्यासमोर, पट्टीनं.

तुटलेलं सील मी ठेवून घेणार होते, तर ते मामांनीच खिशात टाकलं. हाफ इंजिन सांगणाऱ्याला दाखवायचंय म्हणे. जाऊ दे म्हटलं, पण मास्तर माणूस, ऐकतोय कशाला.

२० एप्रिल, रविवार

आरटीओची तपासणी झाली, नूतनीकरण झालं, पुढची पाच वर्षं निश्चिंती. आता ऊन ४२ च्या पुढं गेलंय आणि मामांची नवी तक्रार : स्लोवर काटा वर सरकतो. पंख्याचा स्विच की थर्मोस्टॅट, की नुसतंच कूलंट कमी, हे बघायचंय. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून हलकंसं पाझरतंयही. गाडी बुधवारी सोडतो म्हणालेत.